घेणाऱ्याने नाकारले

मोहपाडा, ता. विक्रमगड
१० फेब्रुवारी २०२५

अंकुश यास,

चंद्रकांताबाई विचारते, वर 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहू का. मी म्हटलं, अनेक नको, एकच लिही, पण लागेल असा लिही. तर एक आशीर्वाद लिहिलाय असं समज.

चंद्रकांताबाई म्हणजे आपल्या अंगणवाडीची बाई. मुलांना खिचडी वाढून झाली की दुपारी माझ्याकडं येते आणि मी बोलते तसं लिहिते. मधेच 'हाय'चं 'आहे' करायला बघते. मी करू देत नाय. मला अक्षर कळत नाय, पण ती लबाडी करायला लागली की तिची मान खाली जाते, तेवढं कळतं.

महिना झाला, तुझं पत्र नाय. फोन नको करू. पाड्यावर रेंज येत नाय, टेकडीवर चढून बाईच्या फोनला कान लावावा तर तुझा आवाज डब्यात कोंडलेल्या माशीसारखा येतो. माझे कान गेले ते गेले. त्यातून ऐकू येतं ते एकच, 'बरं हाय आजी, बरं हाय.' पत्रात तुला चार ओळी लिहाव्या लागतात आणि चौथ्या ओळीला तुझं खोटं उघडं पडतं. म्हणून मला पत्रच बरं.

तुझा बाप बुधा आणि तुझी आई भिवंडीकडं वीटभट्टीवर गेलेत. पावसाआधी येत नायत. पाड्यात आता म्हाताऱ्या आणि कोंबड्या, आणि कोंबड्या जास्त बोलतात. आपल्या घरात भात झोडून झाला की टोपली डोक्यावर घेऊन भट्टीची वाट धरायची, हे तुझ्या आजाच्या बापापासून चालत आलंय. बुधाला मी पाठीला बांधून माती मळलीय. तू एकटा निघालास जो बारा महिने एकाच गेटातून आत जातो. मी बाजारात सांगते, माझा नातू परमंट हाय. बाई म्हणते शब्द तसा नाय. नसू दे, वजन तेच हाय ना?

आता खरं सांग. बाजारात सालवडची एक बाई भेटली. म्हणाली, तुमच्या कंपनीच्या गेटावरची पाटी परत बदलली, ही तिसरी. माणसाने एवढ्या वेळा बायको बदलली असती तर पाड्याने पंचायत बसवली असती. पाटी बदलली की माणसं कमी होतात, असंही म्हणाली. तू कमी झालास का?

तेजलला सांग, सासू नसली घरात तरी आजेसासू जिवंत हाय. रिद्धीला माझा मुका.

तुझी आजी जमुना

*

सालवड, बोईसर
१७ फेब्रुवारी २०२५

आजी, तुला नमस्कार आणि चंद्रकांताबाईंनाही.

चौथ्या ओळीपर्यंत थांबत नाही, पहिल्यालाच सांगतो. बरं नाही.

पाटी तिसऱ्यांदा बदलली हे खरं. पहिल्यांदा बदलली तेव्हा ठेकेदाराकडची पोरं गेली. दुसऱ्यांदा पॅकिंगचं खातं आणि कँटीन. आम्ही परमनंटवाले तेव्हा एकमेकांना म्हणत होतो, आपल्याला हात लावणार नाहीत. आता आमचीच पाळी. नोटीस बोर्डावर दर वेळी एकच शब्द असतो, 'पुनर्रचना'. तुला समजेल असं सांगतो. घर तेच ठेवायचं, एकेक खांब काढायचा, आणि म्हणायचं की घर हलकं झालं. आमच्या प्लँटमध्ये सेहेचाळीस माणसं होतो, आता नऊ आहोत. जो जातो त्याचं काम उरलेल्यांवर पडतं. मी एका पाळीत रिअ‍ॅक्टर बघतो, फिल्टर प्रेस उघडतो आणि ड्रायरमधून रंगाची पावडरही काढतो. अंघोळ करून पुसलं तरी पंचा पिवळा होतो. तेजल तो वेगळा धुते.

तू म्हणशील, मग अजून कसे टिकलात? आजी, हसू नकोस. आम्ही नऊ जणांनी ठरवलंय की कंपनीचं पत्र घ्यायचं नाही.

कंपनी रजिस्टर पत्र पाठवते. पोचपावतीवर सही केली की पत्र घेतलं असं होतं, आणि मग सुटका नाही. दोन वर्षांपूर्वी पॅकिंगमधल्या मारुतीने घेतलं नव्हतं. तो तेव्हा आजारी होता, गावी होता, आणि सगळे गेले तरी तो राहिला. अजून स्टोअरमध्ये आहे. पत्र घेतलं नाही म्हणून राहिला, असं सगळे म्हणतात. म्हणून आमचंही तेच. कैलासनेच पुढाकार घेतला. कैलास तुला आठवेल, जळगावकडचा, आमच्या लग्नात तारपा वाजवायला गेला आणि फुंकून फुंकून दमला, तोच.

टपाल येतं साडेअकराच्या सुमाराला. त्या वेळी कामावर नसलो तर आम्ही घरात गप्प बसतो. कैलास आमच्या दाराला बाहेरून कुलूप लावून जातो. माझी पाळी असली की मी त्याच्या दाराला. त्याची किल्ली माझ्या खिशात, माझी त्याच्या. पोस्टमन चांगला आहे, दोनदा कुलूप बघून परत गेला. तिसऱ्यांदा मोठ्याने म्हणाला, 'अरे, पंखा चालू आहे आतला.' तेव्हापासून आम्ही पंखाही बंद ठेवतो.

ऑफिसात विचारायला गेलो तर साहेब म्हणतात, पत्रात सगळं लिहिलंय, तोंडी सांगायचा आम्हाला अधिकार नाही.

रजा घेऊन तुझ्याकडे यावं वाटतं. पण एक दिवस गैरहजर राहिलो तर तेच निमित्त होईल.

एक सांगायचं राहिलं, आणि तेच महत्त्वाचं. माझा कायमचा पत्ता मोहपाड्याचा आहे. तिकडे कंपनीचं काही आलं तर घेऊ नकोस. त्यावर उडत्या पक्ष्याचं निळं चित्र असतं. अंगठा देऊ नकोस. बाकीच्या आठजणांना मी शब्द दिलाय.

तुझा
अंकुश

*

मोहपाडा
२६ फेब्रुवारी

अंकुश,

तुझं पत्र आलं. बाईने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हळू.

पंखा बंद करून घरात बसता, म्हणजे स्वतःच्याच घरात चोर झालात. मला हसू आलं नाय, पण तू हसू नको म्हणालास म्हणून थोडं हसले. रिद्धीला गप्प कशी बसवता रे? ती माझ्यावर गेलीय.

इकडं सगळं बरं. मोहाला कळी धरलीय. कोल्ह्याने एक कोंबडी नेली, तीच जी माझ्याशी भांडायची. टपालवाला अनुज येतो आठवड्यातून दोनदा, चहा पितो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. लग्नाचा झालाय. मी त्याला म्हणते, सगळ्यांची पत्रं वाटतोस, तुला कोणी लिहीत नाय का? लाजतो.

कंपनीचं काय आलं-गेलं नाय. पक्षी बिक्षी काय बघितला नाय. आमच्याकडं पक्षी झाडावर असतात.

सहज एक विचारते. समज, एखाद्या अडाणी माणसाने चुकून एखादा कागद घेतला, आणि तो फोडलाच नाय, तसाच ठेवला, तर तो घेतला असं होतं का? मी नाय, पाड्यातली एक बाई विचारत होती. तिच्या जमिनीचं काहीतरी हाय. तुला ठाऊक असेल तर कळव.

बाई म्हणते झालं का. झालं.

आजी

*

सालवड
६ मार्च

आजी,

हे पत्र तुला वाचून दाखवताना चंद्रकांताबाईंनी काही गाळू नये, ही विनंती.

परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत साहेब स्वतः प्लँटमध्ये आले. कधी येत नाहीत. हातात पोचपावती होती, लहानसं कार्ड. आम्ही नऊजण डबे उघडून बसलो होतो. ते म्हणाले, 'तुमच्यातल्या एकाने समजूतदारपणा दाखवला आहे.' आणि ते कार्ड कैलासच्या हातात दिलं.

त्यावर माझं नाव. मोहपाड्याचा पत्ता. एकवीस फेब्रुवारीची तारीख. आणि सहीच्या जागी निळा अंगठा.

कैलासने ते मला दिलं नाही. आनंदाकडे दिलं, आनंदाने पुढे दिलं, असं आठजणांच्या हातून फिरून ते साहेबांकडे परत गेलं. मी म्हणालो, अरे हा माझा अंगठा नाही, मला सही येते, तुम्ही रोज बघता. आनंदा म्हणाला, 'म्हणूनच तर अंगठा दिलास. उद्या म्हणशील, मी नव्हतो.' बाकीच्यांनी डबे बंद केले. मी एकटाच उघडा डबा घेऊन बसलो होतो.

संध्याकाळी ज्ञानेश्वरीवहिनी, कैलासची बायको, आमच्या दारात आली. उंबऱ्यावर किल्ली ठेवली आणि म्हणाली, 'आमची द्या.' तेजलने दिली. तिच्याशी नळावर कोणी बोलत नाही आता. सहा वर्षं एका चाळीत राहतोय, आजी. रिद्धी कैलासचंच बोट धरून चालायला शिकली.

नोकरी जाईल ती जाईल. पण मी आठजणांना विकून माझी वाचवली, असं त्यांना वाटतंय. या गावात मला त्यांच्याशिवाय कोण आहे?

पाड्यातल्या त्या बाईच्या जमिनीचं मला माहीत नाही. तुझं सांग. अंगठा तुझा आहे का?

अंकुश

*

मोहपाडा
१२ मार्च

अंकुश,

माझा हाय.

एकवीस तारखेला अनुज आला. तेव्हा तुझं सांगणं अजून वाटेत होतं. म्हणाला, 'आजी, अंकुशच्या कंपनीचं रजिस्टर आलंय, अंगठा दे.' मी पाकीट हातात घेतलं. जाड कागद, गुळगुळीत, वर निळा पक्षी. मला वाटलं, तू साहेब झालास. साध्या पाकिटातून लिहायचं सोडलंस. महिनाभर पत्र नाय ते यासाठीच, मोठ्या पाकिटाची वाट बघत होतास. अंगठा मी शाई नीट लावून दिला, पुसट नको म्हणून. अनुजला वर गूळ दिला.

बाई चार दिवस लग्नाला गेली होती म्हणून फोडून वाचायचं राहिलं. ती आली तेव्हा तुझं पत्रही आलं. बाईने वाचलं, 'अंगठा देऊ नकोस.' आणि पाकीट माझ्या मांडीवर. मी तिला म्हटलं, फोडू नको. ती म्हणाली, त्याला कळवू या. मी तिला शपथ घातली. मग तुला ते सगळं लिहिलं, कोंबडी आणि कोल्हा. कोल्ह्याने कोंबडी नेली नाय. ती इथंच हाय, भांडतेय.

पाकीट मी कणगीत भाताखाली खोल ठेवलं. न फोडलेलं म्हणजे न घेतलेलं, असं माझं मीच ठरवलं. तुम्ही आत बसून बाहेरून कुलूप लावता, तशीच ही अक्कल. आपल्या रक्तात असेल.

पोरा, माझ्या अंगठ्याने आजवर काय काय गेलं ते मला ठाऊक हाय. जंगलखात्याच्या कागदावर दिला, कुरण गेलं. भट्टीच्या मुकादमाला दिला, हंगाम गेला. प्रत्येक वेळी पुढच्याने म्हटलं, 'काय नाय आजी, इथं फक्त दाब.' तुला शाळेत घातलं ते यासाठी की आपल्या घरातला एक तरी हात असा असावा ज्याला कोणी 'इथं दाब' म्हणणार नाय. आणि तुझ्याच नावाखाली मी दाबून बसले.

पाकीट या पत्राबरोबर पाठवते. जे असेल ते तू फोड. भाताचा कोंडा लागला असेल, झटक.

आजी

(अंकुशभाऊ, हे आजींना वाचून दाखवलेलं नाही. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. विचारलं तर म्हणतात, दात दुखतो. त्यांना दात उरलेला नाही. त्यांना रागावू नका. कळवायला हवं होतं, मीही चुकले. — चंद्रकांता)

*

सालवड
१८ मार्च

आजी,

आधी जेव. मग बाकीचं ऐक.

पाकीट फोडलं. इंग्रजीत आहे. मी तीनदा वाचलं, मग शेजारच्या पाम गावातल्या एका ओळखीच्या मास्तरांकडून वाचून घेतलं, म्हणजे मी चुकत नाही ना ते कळावं.

काढल्याचं पत्र नाही ते. बदलीचं आहे.

इथला प्लँट बंद करून काम गुजरातेत भरूचजवळ नेणार आहेत. आम्हा नऊजणांची तिकडे बदली. एक एप्रिलला संध्याकाळी पाचपर्यंत हजर व्हायचं. हजर न झाल्यास स्वतःच्या मर्जीने नोकरी सोडली असं समजण्यात येईल. म्हणजे आम्हाला काढायची त्यांना गरजच नाही. आम्ही दाराला कुलूप लावून गप्प बसलो की काम झालं. आम्ही पंखे बंद करून त्यांचंच काम करत होतो.

मारुतीला भेटलो स्टोअरमध्ये. विचारलं, तू तेव्हा पत्र नाकारलंस ते कसं? तो म्हणाला, 'मला कोणी पाठवलंच नव्हतं रे. माझं नाव आधीच स्टोअरच्या यादीत गेलं होतं.'

पत्र घेऊन कैलासकडे धावत गेलो. तो दारात उभा राहिला, आत ये म्हणाला नाही. मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'हे तुझ्या नावाचं आहे. आमच्या पत्रात हेच असेल कशावरून? तुला साहेबांनी हेच सांगायला पाठवलं असेल, म्हणजे आम्ही घाबरून आमची घेऊ.' मी म्हणालो, मग घे आणि फोडून बघ. तो म्हणाला, 'बघ, हेच. घे म्हणायलाच आलास.' आणि दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

आनंदाकडे गेलो, बाकीच्यांकडेही गेलो. सगळ्यांचं तेच. मी खरं बोलतोय, आणि खरं बोललो की जास्त खोटा ठरतो.

तेजल म्हणते, तू जा. रिद्धीची शाळा आहे, मी आहे, दिवस काढू. पण मी एकटा गेलो तर ते म्हणाले तेच खरं होतं. न गेलो तर नववाही जातो, आणि बाबांबरोबर भट्टीवर टोपली उचलतो. आजी, मी तिसाव्या वर्षी तुला विचारतोय, मी काय करू?

अंकुश

*

मोहपाडा
२२ मार्च

अंकुश,

जेवले. नागलीची भाकर आणि सुकट. आता तू ऐक.

जायचं. विचारलंस म्हणून सांगते, आणि नसतं विचारलंस तरी सांगितलं असतं. त्यांना काय वाटेल ते वाटू दे. आठजण बुडतायत म्हणून नवव्याने पाण्यात उडी मारली तर त्याला कोणी दोस्त म्हणत नाय, नववा म्हणतात. दोष माझ्यावर घाल. सांग, माझ्या आजीने अंगठा दिला, तिनेच हाकललं. म्हातारीवर घालायला काय लागतं?

कैलासला मी स्वतः लिहवते आज. तुझं ऐकत नाय, माझं ऐकेल. लग्नात मी त्याला तीन वाट्या मोहाची दिली होती, तेव्हा तो मला 'आजी, तुम्ही देव आहात' म्हणाला होता. देवाचं ऐकेल. अनुज म्हणाला, साधं टपाल हरवतं, रजिस्टर करा, नक्की हातात पडतं. रजिस्टरच करते.

एक तारीख विसरू नको. मला तारीख कळत नाय, पण बाईने भिंतीवर कोळशाने रेघा मारून दिल्यात. रोज सकाळी एक पुसते.

आजी

*

मोहपाडा
२२ मार्च

कैलास यास, मोहपाड्याच्या जमुनाआजीकडून,

बाबा, मला लिहिता येत नाय, दुसरी बाई लिहितेय. म्हणून यात लपवाछपवी करता येत नाय, तिच्यासमोर लाज वाटते.

तुला जो अंगठा दाखवला तो माझा. घरात दुसरं कोणी नव्हतं. अंकुशला ठाऊक नव्हतं. त्याने मला घेऊ नको म्हणून लिहिलं, ते चार दिवस उशिरा पोचलं. मग भीतीने मी त्याच्याशीच खोटं बोलले. तुमच्यात जे झालं ते माझ्या या बोटाने झालं. शिवी द्यायची तर मला दे, मला ऐकू कमी येतं, लागणार नाय.

पण त्या पाकिटात काय निघालं ते खरं हाय. मी माझ्या डोळ्यांनी वाचलं नाय, कारण डोळ्यांना येत नाय. पण अंकुश माझ्यापुढं खोटं बोलला की चौथ्या ओळीला कळतं, आणि या वेळी शेवटपर्यंत कळलं नाय. एक तारखेला पाचच्या आत तिकडं हजर व्हा. आठच्या आठजण. तुला माझ्या नातवाबरोबर बसून जायला नको असेल तर वेगळ्या डब्यात बस. पण जा.

तुझ्या घरी पत्र आलं असेल तर उघडून बघ. घेतलं म्हणून माणूस मरत नाय. मी घेतलंय, अजून बोलतेय.

ज्ञानेश्वरीला सांग, तेजलशी बोल. तिचा यात काय दोष?

वाट बघते.

जमुनाआजी

(पाकिटावर टपालखात्याचा शिक्का आणि शेरा: 'घेणाऱ्याने नाकारले. पाठवणाऱ्यास परत.' २७ मार्च.)

*

भरूच
३ एप्रिल

आजी,

हजर झालो.

एकतीसला शेवटची रात्रपाळी संपवून निघालो. निघण्याआधी आठही दारांपुढे उभा राहिलो. सकाळची साडेअकराची वेळ, टपालाची. सगळीकडे बाहेरून कुलपं, शेजाऱ्यांनी लावलेली. पंखे बंद. आत ते होते, आजी. एका घरातून भाजीला फोडणी दिल्याचा वास येत होता. मी प्रत्येक दाराशी मोठ्याने म्हणालो, 'उद्या पाचपर्यंत, भरूच.' कैलासच्या दाराशी दोनदा म्हणालो. तुझं पत्र त्याने घेतलंच नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते तेजलला पोस्टमनकडून कळलं, तिने मला काल फोनवर सांगितलं. पोस्टमन नुसता 'रजिस्टर' म्हणाला, आणि ज्ञानेश्वरीवहिनीने आतून 'नको' म्हटलं. कोणाचं आहे, कोणी विचारलंही नाही.

एक तारखेला इथे गेटावर एक क्लार्क बसला होता. त्याच्याकडे आमची यादी होती, एका कागदावर नऊ नावं. माझ्यापुढे खूण केली आणि विचारलं, 'बाकी के आठ?' मी म्हणालो, येतायत. त्याने मला आत जायला सांगितलं. मी म्हणालो, थांबतो इथेच.

अकरा वाजल्यापासून गेटाबाहेर बसलो. बोईसरहून येणारी गाडी मला माहीत होती, त्यानंतरचीही. प्रत्येक रिक्षा थांबली की उभा राहायचो. चारला क्लार्कने मला पाणी दिलं. तोही माणूसच आहे. म्हणाला, त्याच्या जागी आधी तिघं बसायचे.

पाच वाजता त्याने घड्याळ बघितलं. पाच मिनिटं आणखी थांबला, माझ्याकडे बघून. मग पट्टी काढली, कागदावर ठेवली आणि एकेक नावावर रेघ मारली. आठ रेघा. कैलासचं नाव पाचवं होतं. घाई केली नाही त्याने, सरळ मारल्या. मग कागद माझ्यापुढे सरकवला. इतर कोणी हजर झालं नाही, याला साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती.

मी केली, आजी. मला सही येते.

दुसऱ्या दिवसापासून कामावर आहे. रंग इथेही तोच.

अंकुश

*

मोहपाडा
१५ एप्रिल

अंकुश,

तुझं पत्र ऐकलं. सहीचं ऐकून मी बाईला म्हटलं, आज पुरे, उद्या लिहू. आज लिहितेय.

काल दुपारी कैलास आला. विक्रमगडहून पायी, उन्हातून. अंगणात उभा राहिला, मला ओळखू आला नाय. गाल बसलेत. मी म्हटलं, 'कोण रे, मत मागायला आलास का?' तर खाली बसला आणि बराच वेळ नुसता घाम पुसत राहिला. पंचा पिवळा झाला, तेव्हा ओळखलं.

तुमच्या जुन्या गेटावर त्यांना आत सोडलं नाय. एक तारखेनंतर रोज आठजण जाऊन उभे राहायचे. वॉचमनने शेवटी यादी दाखवली. 'स्वतः सोडून गेले' असं लिहिलंय म्हणे. तेव्हा त्यांनी पोस्टात जाऊन विचारलं, आमची पत्रं द्या. पोस्टाने सांगितलं, तुम्ही नाकारली, परत गेली.

मग त्याने मला विचारलं, 'आजी, तुम्ही मला काय लिहिलं होतं?' मी परत आलेलं पाकीट काढून दिलं. त्याने धरलं, उलटंसुलटं करून शिक्का वाचला, आणि परत माझ्याकडं दिलं. म्हणाला, 'तुम्हीच सांगा.' मी सगळं तोंडाने सांगितलं, जसं लिहवलं होतं तसं, वेगळ्या डब्यात बस ते पण. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, 'कधी टाकलं होतं?' मी म्हटलं, बावीस तारखेला. बोटं मोजली त्याने. दहा दिवस होते हातात, दोनदा मोजले.

मला वाटलं रडेल. रडला नाय. रडला असता तर बरं झालं असतं, मला काय करायचं ते ठाऊक असतं. भाकर दिली, अर्धी खाल्ली. अर्धी बांधून घेतली, ज्ञानेश्वरीला म्हणून. त्यावरून मी ओळखलं, तिकडं चूल कशी चाललीय ते.

आनंदा सांगलीकडं गावी गेला. बाकीचे नाक्यावर उभे राहतात सकाळी, कोणी घेतलं तर घेतलं. कैलास दोन दिवस उभा राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला कंपनीतल्याच जुन्या ठेकेदाराने बघितलं आणि ओळख दिली नाय. त्यानंतर गेला नाय.

तुझ्याबद्दल एक शब्द बोलला नाय, चांगला ना वाईट. निघताना पार पायवाटेपर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, 'आजी, अंकुशला विचारा, तिकडं ठेकेदाराकडं माणसं घेतात का. रोजावर पण चालेल. माझ्यासाठी म्हणून सांगू नका, असंच विचारा.' मी म्हटलं, 'तूच लिही की, तुला येतं.' म्हणाला, 'माझा हात उठत नाय.' दहा वर्षं परमंट होता तो, तुझ्याआधी चार वर्षं. तुला रिअ‍ॅक्टर शिकवला त्याने, असं तूच सांगायचास.

म्हणून त्याच्यासाठी म्हणून न सांगता मी तुला सांगते. काय असेल ते त्यालाच लिही, मला नको. नसलं तरी लिही, पण थापा मारू नको, दोन ओळीत लिही. नसलं तर नसलं.

मी त्याला विचारलं, पत्र आलं तर घेशील का. त्याने भाकरीची गाठ परत आवळली.

रजिस्टर करू नको. साधं टाक. घेईन म्हणालाय.

आजी